शिशिरातील लाल पाने

फुलांनी बहरलेल्या झाडाचे कौतुक सारेच करतात. परंतु गळण्यापूर्वी पानेही फुलांसारखी रंगतात, याकडे थोड्यांचेच लक्ष जाते. काश्मीरमधील चिनार शरद ऋतूत तांबडा होतो. मुंबईत तशी थंडी नाही. तरीही अंधेरी, घाटकोपर, मुलुंड या उपनगरांत देशी बदामाचे झाड आढळल्यास पौष-माघात त्याच्याकडे अवश्य पाहावे. रुंद हिरव्या पानांत काही पिवळी, काही नारिंगी, तर काही गडद लाल झालेली दिसतात.

हा रंग येतो कोठून? पानातील हरितद्रव्याच्या साहाय्याने झाड सूर्यप्रकाशात अन्न तयार करते. पावसाळा संपून जमीन कोरडी होऊ लागली, की रुंद पानांतून पाण्याची वाफ होऊन जाणे झाडाला परवडत नाही. म्हणून ते पाने टाकू लागते. परंतु झाड मोठे काटकसरी! पान टाकण्यापूर्वी त्यातील उपयुक्त द्रव्ये ते फांद्यांत ओढून घेते. हरितद्रव्य नाहीसे होते आणि त्याखाली झाकलेला पिवळा रंग उघडा पडतो. लाल रंग मात्र पानातील साखरेच्या आधारे नव्याने तयार होतो आणि त्याला ऊन हवे असते. म्हणूनच सावलीतील पान फिकट राहते, तर उन्हातील तांबडेलाल होते.

बदामाचे रोप लावायचे असेल, तर पावसाळ्याच्या प्रारंभी, दिवसभर ऊन मिळेल अशा जागी लावावे. खाऱ्या वाऱ्याला ते भीत नाही. पावसाळ्यानंतर जोरकस खत देऊ नये. त्यामुळे कोवळी पालवी वाढत राहते आणि रंग लांबतो. पाणी मात्र बेताने देत राहावे. रोप अगदी तहानले, तर पाने रंगण्याआधीच करपून जातात. लहान झाड पहिली काही वर्षे फारसे रंगले नाही, तरी निराश होऊ नये.

प्रत्येक पिवळे पान म्हणजे शिशिराची खूण नव्हे. शेंड्याची कोवळी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, तर जमिनीत काही अन्नद्रव्य उणे आहे, असे समजावे. पानांच्या कडा तपकिरी होऊन करपल्या, तर बहुधा पाण्याची ओढ लागलेली असते. बुंध्याभोवती सिमेंट असेल, तर पाणी मुळांपर्यंत पोहोचणार कसे? संरक्षणासाठी बांधलेली तार वेळीच सैल केली नाही, तर तीच वाढत्या खोडात रुतते. असे झाड रंगलेले नसते, ते आजारी असते. हा भेद जो ओळखतो, तोच रोप वाचवू शकतो.

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात याच्या उलट नवल दिसते. तेथील कुसुम वृक्षाची पाने जन्मतःच लाल असतात. फाल्गुनाच्या सुमारास सारे झाड पेटल्यासारखे भासते. कोवळ्या पानात हरितद्रव्य अजून भरलेले नसते. तोवर लाल रंग त्याचे कडक उन्हापासून रक्षण करतो, असे शास्त्रज्ञ मानतात. पुढे तीच पाने हिरवी होतात.

बदामाची गळलेली पाने अनेक ठिकाणी गोळा करून जाळतात. त्यामुळे हवा धुराने भरते आणि मातीचा घास हिरावला जातो. ती पाने खड्ड्यात कुजवून झाडाच्या बुंध्याशी घालावीत. मातीकडून घेतलेले मातीला परत मिळाले, म्हणजे पुढच्या शिशिरात रंगणाऱ्या पानांची तरतूद झालीच म्हणायची.