पदर उलटा करून दाखवा

रीलमध्ये पैठणी अर्ध्या मिनिटात नेसून होते. एक गिरकी, पदर हवेत, गाणं संपलं. खाली बायका विचारतात, ‘ताई, किंमत?’ आणि ताई उत्तर देतात, ‘मेसेज केलाय.’ असे शेकडो व्हिडिओ पाहूनही दुकानात गेल्यावर नेमकं काय विचारायचं ते सुचत नाही.

खरं तर पैठणीच्या पदराची उलटी बाजू आधी दाखवायला हवी. हातमागावर पदरातला प्रत्येक रंग स्वतंत्र छोट्या कांडीने, त्याच्या जागेपुरताच विणतात. दोन रंग भेटतात तिथे धागे एकमेकांत अडकवतात. त्यामुळे मोर, पोपट, कमळ मागूनही जवळजवळ तसेच दिसतात. यंत्रमागावरच्या सेमी पैठणीत मागे बहुधा मोकळे किंवा कापलेले धागे दिसतात. कॅमेऱ्यासमोर पदर उलटायला पाच सेकंद पुरतात. सेमी नेसण्यात कमीपणा नाही; मे महिन्यातल्या लग्नात, जेवणाच्या पंगतीत तीच बरी. फक्त ती सेमी आहे एवढं बोलून टाकावं. सिल्क मार्कचंही तसंच. तो रेशीम खरं असल्याची ग्वाही देतो, हातमागाची नाही. हातमागासाठी हॅण्डलूम मार्क वेगळा असतो. हा फरक सांगणारी ताई मला गिरकी घेणाऱ्या दहा जणींपेक्षा जास्त उपयोगाची वाटते.

नेसण्याबाबत चांगला नमुना आपल्याकडे आहे. ‘बॉर्डर अँड फॉल’ या डिजिटल प्रकाशनाने २०१७ साली देशभरातल्या साडी नेसण्याच्या ८० हून अधिक पद्धतींवर छोट्या फिल्म केल्या. एका फिल्ममध्ये एकच पद्धत, तीही पाहून शिकता येईल अशी. त्याला जोड हवी ती साध्या माहितीची: नेसणारीची उंची किती, साडी जड आहे का, दिवसभर लोकलने फिरल्यावर निऱ्या जागेवर राहिल्या का.

आणि पैशाचं काय? केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केलं, की पैसे, भेटवस्तू, सवलत यांतलं काहीही घेतलं असेल तर ते प्रेक्षकांना सहज दिसेल असं, आणि जाहिरातीच्याच भाषेत सांगायचं. म्हणजे अख्खा व्हिडिओ मराठीत आणि हॅशटॅगांच्या गर्दीत एक इंग्रजी शब्द, हे चालत नाही. दिशाभूल केल्यास दंड १० लाखांपर्यंत, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत.

नवी साडी दाखवणारे पुष्कळ आहेत; तीच साडी दोन वर्षांनी कपाटातून काढून दाखवणारं क्वचितच भेटतं. एकाच घडीवर ठेवलेली जर तिथेच तुटते, म्हणून अधूनमधून घडी मोडून वेगळी घालायची, साडी प्लॅस्टिकऐवजी मलमलीत गुंडाळायची, हे आज्या न सांगता करायच्या. पहिल्या ड्रायक्लीनिंगनंतर रंग कसा राहिला, फॉल कुठे उसवला, काठ आकसला का, यावर कुणी व्हिडिओ केला तर किंमत विचारायच्या आधी मी तो शेवटपर्यंत पाहीन.