एकदांच उगवणारी दाढ

संस्कृतांत 'द्विज' या शब्दाचे तीन अर्थ आहेत : ब्राह्मण, पक्षी आणि दांत. मुंजीनें ब्राह्मणाचा दुसरा जन्म होतो. पक्षी आधीं अंड्याच्या रूपानें आणि मग अंड्यांतून जन्मतो. दांत दुधाचा म्हणून येऊन पडतो व पुन्हां उगवतो. शाळेंत संस्कृत शिकवितांना हा शब्द आला कीं आम्ही मुलांस हें मोठ्या हौसेनें समजावून सांगत असूं. परंतु सर्वच दांत द्विज नसतात, ही गोष्ट आमच्या लक्षांत फार उशिरां आली, आणि त्याचें प्रायश्चित्त आमच्या नातीला भोगावें लागलें.

काश्यपसंहितेच्या दन्तजन्मिक अध्यायांत ३२ दांतांपैकीं ८ दांत एकदांच जन्मतात आणि बाकीचे द्विज होत, असें सांगितलें आहे. आजचे दंतवैद्य एकदांच जन्मणाऱ्यांची संख्या १२ मानतात. कारण दुधाचे दांत २० च असतात, आणि मागील १२ दाढांच्या जागीं दुधाची दाढ कधीं नसतेच. त्यांपैकीं पहिल्या ४ दाढा साधारणतः सहाव्या वर्षीं, दुधाच्या दाढांच्या मागें, एकही दांत न पाडतां मुकाट्यानें उगवतात. म्हणूनच घरांतील वडील माणसें त्यांस दुधाच्याच समजतात.

आमची थोरली नात सात वर्षांची असतां तिच्या खालच्या दाढेवर एक काळा ठिपका सूनबाईंना दिसला. "दुधाची दाढ आहे, पडेल आपोआप," असा निर्वाळा आम्हीं दिला. वडिलांचा शब्द मोडण्याची घरांत रीत नव्हती. सूनबाई गप्प बसल्या. दहाव्या वर्षीं एके रात्रीं मुलीचा गाल सुजला व ती रात्रभर विव्हळत राहिली. सकाळीं दंतवैद्यांनीं सांगितलें कीं ही कायमची दाढ असून आतां ती वांचविण्याजोगी उरलेली नाहीं. दाढ काढली. घरीं येतांना तिनें विचारलें, "आजोबा, ही परत कधीं येईल?" आमच्याजवळ उत्तर नव्हतें.

यंदा धाकट्या नातवाला सहा वर्षें पुरीं झालीं. त्याच्या नव्या दाढांवर 'सीलंट' नांवाचा लेप लावावा असें दंतवैद्यांनीं सुचविलें. सूनबाईंची तशी इच्छा होती. सौभाग्यवतींचें म्हणणें पडलें, "अहो, कीड नाहीं, दुखत नाहीं, मग पोराच्या तोंडांत रसायनें कशाला?" दोघींचेंही म्हणणें रास्त होतें. या खेपेस निर्वाळा देण्यापूर्वीं आम्हीं माहिती मिळविली. तीच वाचकांपुढें ठेवीत आहों.

दाढेचा माथा सपाट नसतो. त्यावर डोंगरांतील घळींसारख्या खोल खांचा असतात. कित्येक खांचा इतक्या अरुंद असतात कीं ब्रशाचा केसही त्यांत शिरत नाहीं. तेथें साखरेचा अंश राहतो, त्यावर तोंडांतील सूक्ष्म जंतू पोसतात व आम्ल निर्माण करितात, आणि त्या आम्लानें दांताचें कठीण कवच, म्हणजे दंतवल्क, झिरपत जातें. कीड ही अशी आंतून लागते. वरून एक ठिपकाच दिसतो. आपल्या देशांत २००२-०३ सालीं झालेल्या राष्ट्रीय पाहणींत १२ वर्षांच्या मुलांपैकीं निम्म्याहून अधिकांचे दांत किडलेले आढळले होते.

या खांचा आधींच बुजविल्या तर? ही कल्पना साधण्याचा मार्ग १९५५ सालीं अमेरिकेंतील रॉचेस्टर येथील मायकेल बुओनोकोर या दंतशास्त्रज्ञानें दाखविला. दंतवल्कावर फॉस्फरिक आम्ल थोडा वेळ लावून धुतलें तर पृष्ठभाग किंचित् खरबरीत होतो आणि राळेसारखा पदार्थ त्यावर घट्ट चिकटतो, असें त्यास आढळलें. आजही पद्धत तीच आहे. दाढ स्वच्छ करावयाची, आम्ल लावून धुवावयाची, कोरडी करावयाची, पातळ लेप खांचांत सोडावयाचा आणि निळ्या प्रकाशानें तो घट्ट करावयाचा. सुई नाहीं, कोरणें नाहीं. एका दाढेस कांहीं मिनिटें पुरतात.

लाभ किती? अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानें २०१६ सालीं सांगितलें कीं लेपामुळें दाढांची कीड पहिल्या दोन वर्षांत सुमारें ८० टक्के आणि चार वर्षांपर्यंत सुमारें ५० टक्के टळते. २०१७ सालच्या कॉक्रेन समालोचनांत दोन वर्षांअखेरचा आंकडा ११ ते ५१ टक्के असा आहे. ज्या मुलांत मुळांतच कीड अधिक, त्यांस लाभ अधिक, हें उघड आहे. आंकड्यांत अंतर असलें तरी दोहोंची दिशा एकच आहे.

आतां सौभाग्यवतींच्या शंकेकडे वळूं. ती अगदींच निराधार नाहीं. यांतील कित्येक लेपांची राळ बिस्फेनॉल-ए या द्रव्यापासून बनवितात, आणि तें द्रव्य शरीरांतील अंतःस्रावांच्या कार्यांत ढवळाढवळ करितें अशी भीति आहे. १९९६ सालीं स्पेनमधील ग्रानादा येथील संशोधकांस लेप लावल्यानंतर लाळेंत हें द्रव्य आढळलें आणि सर्वत्र खळबळ उडाली. पुढें दिसून आलें कीं तें लाळेंत कांहीं तासच राहतें. अमेरिकन दंतवैद्यक संघानें २०१६ सालीं १२ लेप तपासले. त्यांतून निघणारें प्रमाण अत्यल्प, दुकानांतील छापील पावती हाताळल्यानें किंवा घरांतील धुळीमुळें शरीरांत जातें त्याहूनही कमी ठरलें. तथापि युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनें २०२३ सालीं या द्रव्याची मर्यादा पूर्वीपेक्षां फार कडक केली आहे, म्हणून थोडी सावधगिरी शहाणपणाचीच. लेप लावून होतांच दाढ पुसून घ्यावी, मुलाला चूळ भरून थुंकावयास सांगावें, आणि बिस-डीएमए हें द्रव्य नसलेला लेप मागावा. कारण तेंच लाळेंत फुटून बिस्फेनॉल होतें. ज्यांस राळ नकोच, त्यांच्यासाठीं ग्लास आयोनोमर नांवाचा बिस्फेनॉलरहित लेप आहे. दाढ पुरती वर आली नसेल अथवा कोरडी राहत नसेल तेव्हां तो विशेष उपयोगी, मात्र तो लवकर निघतो.

"आंत कीड राहून वर झांकण बसलें तर?" हाही प्रश्न सौभाग्यवतींनीं विचारला. नुकती सुरू झालेली, भोंक न पडलेली कीड लेपाखालीं अन्नावांचून बहुधा थांबते. भोंक पडलें असेल तर मात्र लेपानें काम भागत नाहीं. तेथें कोरून भरणेंच प्राप्त.

लेप म्हणजे कवचकुंडलें नव्हेत. तो चावण्याच्या पृष्ठभागाचें रक्षण करितो, दोन दांतांमधील फटींचें नाहीं. तो झिजतो, तुटतो; म्हणून सहा महिन्यांनीं अथवा वर्षानें तपासून घ्यावा लागतो. लेप लावला म्हणून रात्रीं दांत न घासण्यास किंवा दिवसभर गोळ्या चघळण्यास मोकळीक मिळत नाहीं. खांचा उथळ असून कधीं कीड लागली नाहीं अशा मुलाला घाईही नाहीं. ज्याच्या खांचा खोल, ज्याच्या भावंडांचे दांत किडले, त्याच्या बाबतींत विलंब करूं नये.

हें सर्व आम्हीं एके संध्याकाळीं घरांत सर्वांसमक्ष वाचून दाखविलें, आणि निर्णय सूनबाईंवर सोंपविला. गेल्या महिन्यांत नातवाच्या चारही दाढांना लेप लागला. नातीचें बारावें वर्ष जवळ आलें आहे. तेव्हां दुसऱ्या चार दाढा उगवतील. त्याही द्विज नव्हेत, हें तिला आतां आमच्यापेक्षां अधिक ठाऊक आहे, आणि तिनें स्वतःच तारीख धरून ठेविली आहे.

वाचकांस एवढीच विनंति : मुलाच्या सहाव्या आणि बाराव्या वाढदिवशीं औक्षण झालें, निरांजन खालीं ठेविलें, कीं विजेरी घेऊन एकदां त्याच्या तोंडांत अगदीं मागपर्यंत पाहावें. तेथें नवी दाढ दिसली तर "दुधाची आहे" असें म्हणूं नये.