गाडी सुरू होतानाचा आवाज : गैरसमज आणि वस्तुस्थिती

पहाटेच्या शांत वेळी किल्ली फिरवावी आणि नेहमीच्या परिचित गुरगुरीऐवजी एखादा कर्कश, खरखरीत आवाज कानी पडावा, की मालकाच्या मनात पहिली शंका येते ती इंजिन गेल्याची. आणि त्या शंकेच्या भरात, कारणाचा तपास होण्यापूर्वीच, कुणी नवी बॅटरी आणतो, तर कुणी इंजिन खोलण्यास संमती देऊन बसतो. वास्तविक तो आवाज केव्हा झाला, इंजिन फिरण्यापूर्वी, फिरत असताना की चालू झाल्यावर, एवढे नीट ध्यानात घेतले, तर दोषाचे स्थान बहुतेक वेळा निश्चित करता येते. या बाबतीत जे समज सर्रास प्रचलित आहेत, त्यांचा येथे क्रमाने विचार करू.

गैरसमज : दिवे लागतात, हॉर्न वाजतो, तेव्हा बॅटरी उत्तम आहे आणि 'टकटक' आवाजाचा दोष सेल्फचाच, म्हणजे इंजिन फिरविणाऱ्या मोटरचाच.

वस्तुस्थिती : पुढचे दोन्ही दिवे मिळून साधारणतः 10 अँपिअर प्रवाह घेतात, सेल्फला मात्र लहानशा पेट्रोल गाडीतही बहुधा 100हून अधिक अँपिअर लागतात, आणि म्हणूनच जी क्षीण बॅटरी दिव्यांची गरज निमूटपणे भागविते, तीच सेल्फची मागणी येताच कोलमडते. किल्ली फिरविताच सॉलेनॉइड, म्हणजे सेल्फला वीज जोडणारा विद्युतचुंबकी स्विच, ओढला जातो, मोटरचा भार पडून व्होल्टेज खाली येते, सॉलेनॉइड सुटतो, व्होल्टेज पुन्हा सावरते, आणि हा क्रम एका सेकंदात अनेकदा घडल्यामुळे तो घाईचा टकटकाट ऐकू येतो. पूर्ण चार्ज झालेल्या स्वस्थ बॅटरीवर सुमारे 12.6 व्होल्ट मिळतात. सेल्फ फिरत असताना हा आकडा 9.6च्या खाली उतरला, तर बॅटरीची तपासणी करवून घ्यावी. तत्पूर्वी टर्मिनलांवर साचलेली पांढरी-हिरवट भुकटी आणि सैल पडलेली अर्थची तार पाहावी, कारण पुष्कळदा सारा दोष तेवढाच असतो. इंजिन बंद ठेवून, ऋण तार प्रथम सोडवून, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने टर्मिनल स्वच्छ करावेत, कोरडे करावेत आणि पुन्हा जोडताना ऋण तार शेवटी जोडावी. एकच जड 'ठक्' होऊन सारे शांत झाले आणि बॅटरी सुस्थितीत आढळली, तर मात्र संशय सॉलेनॉइडवर किंवा खुद्द मोटरवर घ्यावा.

गैरसमज : खरखर झाली तरी किल्ली तशीच धरून ठेवावी, दात आपोआप बसतात.

वस्तुस्थिती : चार्ल्स केटरिंग यांनी सिद्ध केलेला विजेचा सेल्फ 1912 साली कॅडिलॅक गाडीत आला आणि हँडल मारण्याचे कष्ट हळूहळू इतिहासजमा झाले. मोटरच्या टोकावरील लहान दातेरी चक्र, ज्यास गॅरेजात बेंडिक्स म्हणतात, ते फ्लायव्हीलच्या रिंगच्या दातांत गुंतून इंजिन फिरविते. चार सिलिंडरांचे इंजिन बंद होताना बहुधा समोरासमोरच्या दोन ठरावीक जागीच थांबत असल्यामुळे रिंगचे दात त्या दोन ठिकाणी अधिक झिजतात. आज झालेली खरखर उद्या का होत नाही, या कोड्याचा उलगडा पुष्कळदा येथेच होतो. अशा वेळी किल्ली धरून ठेवणे म्हणजे उरलेले दातही झिजविणे होय. सेल्फचे बोल्ट सैल असले तरी हाच आवाज येतो, म्हणून ते आधी तपासावेत. कारण रिंग बदलावयाची तर सामान्यतः गिअरबॉक्स उतरविण्याचा खर्च पदरी पडतो. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांहून अधिक चालवू नये आणि दोन प्रयत्नांमध्ये त्यास विश्रांती द्यावी.

गैरसमज : पट्टा किंचाळू लागला की त्यावर साबण किंवा ग्रीस लावावे.

वस्तुस्थिती : सेल्फने खर्च केलेली वीज भरून काढण्यासाठी अल्टरनेटर आरंभीच जोराने कामाला लागतो, आणि सैल, झिजलेला किंवा पावसाळी हवेने ओलावलेला पट्टा त्या भाराखाली घसरून किंचाळतो. ग्रीसने घसरण वाढते आणि रबर खराब होते. पट्ट्याचा ताण, त्यावरील भेगा आणि पुल्यांची सरळ रेषा पाहणे, हाच खरा इलाज.

गैरसमज : थंड इंजिन खडखडले, तर जाड ऑइल घालावे आणि ॲक्सिलरेटर दाबून ते गरम करावे.

वस्तुस्थिती : रात्रभरात ऑइल खाली उतरलेले असते आणि पुष्कळ इंजिनांत टायमिंग चेनचा टेन्शनर ऑइलच्या दाबावरच उभा असतो, तो दाब येईपर्यंत क्षणभर खडखड होते. जाड ऑइल वर पोहोचण्यास उलट अधिक विलंब लागतो, आणि त्या अवधीत वेग वाढविला, तर कोरडे भाग एकमेकांवर घासतात. ऑइलची पातळी पाहावी, पुस्तिकेत सांगितलेला ग्रेड आणि चांगला फिल्टर वापरावा. खडखड थांबत नसेल किंवा ऑइलचा लाल दिवा विझत नसेल, तर इंजिन तत्काळ बंद करावे.

गैरसमज : जितका आवाज मोठा, तितका बिघाड मोठा.

वस्तुस्थिती : सायलेन्सरला पडलेले भोक सारी आळी जागी करते, पण त्याची दुरुस्ती पुष्कळदा वेल्डिंगवर भागते, उलट इंजिनच्या तळातून येणारी बेअरिंगची मंद, खोल ठोक फारशी कानात भरत नाही, आणि तिची उपेक्षा केली तर अखेर संपूर्ण इंजिन निकामी होते. तथापि सायलेन्सरची गळतीही क्षुल्लक मानू नये, कारण तीतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. बंद गॅरेजात इंजिन चालू ठेवणे प्राणघातक ठरू शकते.

म्हणून वाचकांस विनंती एवढीच, की मेकॅनिककडे जाताना 'इंजिन गेले' हा निकाल बरोबर नेऊ नका. आवाज किल्ली फिरविताच आला की इंजिन लागल्यावर, इंजिन थंड होते की गरम, आणि तो किती सेकंद टिकला, या तीन गोष्टी कागदावर टिपून घ्या व त्याच्यापुढे ठेवा. तेवढ्या टिपणाने त्याचा तपास योग्य ठिकाणाहून सुरू होईल आणि तुमचा नाहक खर्च वाचेल.