बारा मिलिमीटरचा हट्ट

रेडिओ कंट्रोल गाडीच्या चाकाचा नट सोडवून चाक बाजूला ठेवलं, की आसाच्या टोकावर एक षटकोनी तुकडा उरतो. समोरासमोरच्या बाजूंमधलं अंतर १२ मिलिमीटर, मधोमध आसापुरतं भोक, मागच्या अंगाला एक आडवी खाच. कागदोपत्री तो व्हील हब किंवा ॲडॅप्टर असतो, पण गाड्या चालवणारे त्याला नुसतं ‘हेक्स’ म्हणतात. मोटर कितीही दांडगी असली तरी तिची सगळी ताकद शेवटी याच तुकड्यातून चाकात उतरते. आणि गाडी खोलायला बसलं की अडूनही बहुतेकदा हाच बसतो.

खरं तर त्याच्या रचनेत अडकण्यासारखं काही नाही. आसाला आरपार भोक असतं, त्यात २ मिलिमीटर जाडीची आणि साधारण १० मिलिमीटर लांबीची पोलादी पिन आडवी बसते. हेक्स बाहेरून आसावर सरकतो आणि त्याची खाच पिनेला धरते. चाकाच्या पाठीत षटकोनी खळगा असतो, तो हेक्सवर बसतो. वर नायलॉनचं कडं असलेला एम-४ नट आवळला, की झालं. त्याला ७ मिलिमीटरचा पाना लागतो. दाबून, ठोकून बसवलेलं यात काही नाही. नव्या गाडीचा हेक्स दोन बोटांनी निघतो; गाडी कलती धरली तर आपणहून घसरतो, आणि पिन गवतात गेली तर शोधत बसावं लागतं. १:१० मापाच्या बहुतेक गाड्यांत हेच १२ मिलिमीटरचं माप चालतं. म्हणून एका कंपनीची चाकं दुसऱ्या कंपनीच्या गाडीला बसतात. १:८ मापाच्या बग्गीला १७ मिलिमीटरचा हेक्स असतो, तर ट्रॅक्सासच्या एक्स-मॅक्ससारख्या धिप्पाड ट्रकला २४चा.

या छंदाचा एक मोठा झरा जपानमधल्या शिझुओका शहरात आहे. तिथं १९४६मध्ये योशिओ तामिया यांनी लाकडाचा धंदा सुरू केला. त्यातून आधी लाकडी आणि मग प्लास्टिकची मॉडेलं निघाली. १९७६मध्ये तामिया कंपनीनं पोर्श ९३४ची १:१२ मापाची रेडिओ कंट्रोल गाडी बाजारात आणली. मॉडेल अस्सल उतरावं म्हणून योशिओंचे चिरंजीव शुनसाकू यांनी खरी पोर्श ९११ विकत घेऊन ती सुटी करून पाहिली, आणि परत जोडताना बाहेरच्या तंत्रज्ञांना बोलवावं लागलं, असा किस्सा आहे. खोलणं सोपं आणि जोडणं कठीण, असं तिथं झालं. हेक्सच्या बाबतीत नेमकं उलटं होतं.

ती पहिली पोर्श गुळगुळीत जमिनीवर धावायची. पुढं १९७९मध्ये तामियाचीच सँड स्कॉर्चर आली. फोक्सवॅगन बीटलच्या वाळवंटी अवताराची ही नक्कल थेट वाळूत उतरली. तिच्या रेडिओसाठी पाणी शिरू नये अशी बंद पेटीसुद्धा दिलेली होती. गाड्या फरशीवरून वाळूत, चिखलात, डबक्यात गेल्या तेव्हाच हेक्सच्या मागं लागलेली पीडा सुरू झाली. रेडिओला पेटी मिळाली, आसाला मात्र काहीच मिळालं नाही.

दुसरी पीडा हौसेतून आली. कारखान्यातून येणारा हेक्स पुष्कळदा प्लास्टिकचा असतो. जोरकस मोटर लावली की तो फाटतो, म्हणून लोक निळा किंवा लाल मुलामा दिलेला ॲल्युमिनियमचा हेक्स घेतात. दिसतो देखणा आणि फाटतही नाही. पण आस पोलादाचा. ॲल्युमिनियम आणि पोलाद एकमेकांना चिकटून असले आणि मध्ये खारं पाणी शिरलं, की तिथं एक छोटी बॅटरीच तयार होते आणि तीत ॲल्युमिनियम झिजतं. झिजून कमी झालं असतं तर बरंच होतं. पण त्याची पांढरी भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापते, तसाच पोलादाचा गंजही. आस आणि भोक यांच्यात जी केसाहून बारीक फट होती, ती या दोन्हींनी ठासून भरते. कोकणच्या सहलीत गाडी सोबत नेऊन ती किनाऱ्यावरच्या ओल्या वाळूत पळवली आणि तशीच डिकीत टाकली, तर महिनाभरानं हेक्स हलत नाही तो यामुळं. माझं मत विचाराल तर साध्या मोटरच्या गाडीला प्लास्टिकचाच हेक्स बरा. फाटला तर बदलता येतो, आणि सहसा जाम होत नाही.

तिसरं कारण बाटलीतून येतं. अमेरिकेत हार्टफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या व्हर्नन क्रीबल यांनी १९५३मध्ये एक द्रव शोधला. हवेत तो पातळ राहतो. धातूंच्या फटीत हवा तुटली की घट्ट होतो. तोच पुढं लॉकटाइट. नायलॉनच्या कड्याचा नट स्वतःच आट्यांना धरून राहतो, त्याला या द्रवाची गरज नसते. तरीही ‘असू दे’ म्हणून कुणीतरी थेंब टाकतं, तो आसावरून ओघळत आत जातो आणि हेक्सला चिकटवतो. टायर रिमला चिकटवताना सांडलेला फेविक्विकसारखा गोंदही असाच शिरतो.

म्हणून हातोडी घेण्याआधी भिंग घ्यावं. पांढरी भुकटी दिसली तर ते ॲल्युमिनियमचं काम, तांबूस डाग म्हणजे गंज, आट्यांत निळा किंवा लाल कोरडा पापुद्रा म्हणजे लॉकटाइट, आणि काचेसारखा कडक थर असेल तर गोंद. प्रत्येकाचा तोडगा वेगळा. गंजाला जे तेल लागतं ते गोंदाला शिवतही नाही. गोंदाला ॲसिटोन चालतं. नायलॉनची चाकं ते सोसतात, पण क्रोम चढवलेली एबीएसची चाकं त्यानं विरघळतात. डब्ल्यूडी-४० हे आपल्याकडं सर्वरोगहर झालं आहे, पण नावातला ‘डब्ल्यूडी’ म्हणजे पाणी हटवणं. मुळात ते पाणी घालवण्यासाठी बनवलेलं. हलक्या गंजाला ते पुरतं, ठासलेल्या गंजाला आत झिरपणारं खास तेल रात्रभर मुरवावं लागतं.

तेलानं भागलं नाही तर उष्णता. त्याआधी गाडीतली लिथियम बॅटरी काढून दूर ठेवायची, ॲसिटोन वापरलं असेल तर ते पूर्ण उडू द्यायचं. बरणीचं पत्र्याचं झाकण गरम पाण्याखाली धरलं की फिरतं, तसंच हे. तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं. ५ मिलिमीटरचा आस धरला आणि तापमान १०० अंशांनी वाढवलं, तर भोक आसापेक्षा सुमारे साडेपाच मायक्रॉन जास्त मोठं होतं. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो, म्हणजे हा फरक अगदीच किरकोळ. पण भुकटीचा थर तडकायला आणि तेल आत ओढलं जायला तेवढा पुरतो. लाल लॉकटाइट असेल तर १०० अंशांनी काही होत नाही. तिथं सुमारे २५० अंश लागतात, म्हणजे हेअर ड्रायर कुचकामी. सोल्डरिंग आयर्नचं टोक थेट हेक्सवर टेकवून ठेवायचं आणि गरम असतानाच ओढायचं. मात्र मागं बेअरिंग आहे, त्यातलं ग्रीस आहे आणि बेअरिंगला धरणारा ‘नकल’ नावाचा भाग नायलॉनचा आहे. उष्णता हेक्सपुरती ठेवणं हीच यातली खरी कसरत.

आता ओढणं. आसाच्या टोकावर हातोडी मारायची इच्छा सगळ्यांनाच होते. एका ठोक्यात एम-४चे आटे चेपतात आणि मग नटही बसत नाही. शिवाय तो ठोका आसातून मागं जाऊन सांध्याच्या बारीक पिनेवर आणि नकलवर आदळतो. ठोकायचंच असेल तर नकल गाडीपासून सोडवून, नट आसाच्या टोकाशी सपाट येईल इतका परत चढवून, वर लाकडाचा तुकडा ठेवून. याहून चांगला उपाय म्हणजे दोन पायांचा छोटा पुलर. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला किंवा पुण्यात बोहरी आळीत पुलर विचारला तर आधी मोठेच समोर येतात. लहान मागून घ्यावा लागतो, आणि त्याचे पाय हेक्स व बेअरिंगच्या फटीत शिरतील इतके कानशीनं पातळ करावे लागतात. पाय हेक्सच्या मागं, मधला स्क्रू आसाच्या टोकावर, आणि पाव पाव फेरा. पिन हेक्सच्या मागच्या खाचेत असते, त्यामुळं बाहेर ओढताना ती आड येत नाही. दोन बाजूंनी दोन पेचकस घालून उचकटणारेही आहेत. निघतो तसाही, पण बेअरिंगची पातळ झाकणी चेपते. ते बेअरिंग गेलं असं समजूनच ते करावं. चिमटा मारणारा, म्हणजे एका बाजूला चिरलेला हेक्स असेल, तर त्याचा बारीक स्क्रू पूर्ण काढून चिरेत पातळ पातं सरकवलं की तो बहुतेकदा मुकाट्यानं सुटतो.

सगळ्यात वाईट प्रसंग वेगळाच आहे. चाकाच्या पाठीतला षटकोनी खळगा झिजून गोल होतो. नट फिरवला की आस, पिन, हेक्स सगळे त्याच्याबरोबर फिरतात, चाक जागेवर. नट सुटत नाही म्हणून चाक निघत नाही, आणि चाक निघत नाही म्हणून हेक्सला पाना लागत नाही. इथं चाकाचा मोह सोडावा. त्याचा मधला भाग कापून काढला की हेक्स उघडा पडतो. त्याला १२चा पाना लावून नट फिरवता येतो. एका टायरसाठी अख्ख्या आसाचे आटे घालवलेले लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांचं टायरही वाचलेलं नव्हतं.

निघालेला हेक्स परत चढवताना आस बारीक पॉलिश पेपरनं पुसायचा आणि ग्रीसचा अगदी पातळ हात द्यायचा. पिन सपाट काचेवर घरंगळवून पाहायची. लटपटली तर वाकली आहे, ती टाकून द्यायची. भोकात पांढरे खड्डे पडले असतील तर तो हेक्सही. नायलॉनचं कडं गुळगुळीत झालेला, बोटांनीच फिरणारा नट जुना धरायचा. किनाऱ्यावरून आलं की चाकं त्याच संध्याकाळी काढून, गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्यानं आस आणि हेक्स पुसून, कोरडे करून ठेवायचे. चारही चाकांना मिळून पंधरा मिनिटं लागतात.