अडलेली कात
लेखांक सातवा

गेल्या लेखांकात सर्पाच्या आहाराचा विचार करताना ओघाने असे म्हटले होते की, ज्याच्या डोळ्यांवर निळसर धुरकट झाक चढली आहे अशा सापापुढे भक्ष्य ठेवण्याची तसदी पाळणाऱ्याने घेऊ नये. त्या विधानामागील कारण, आणि त्या अवस्थेचा शेवट जेव्हा सुखरूप होत नाही तेव्हा करावयाचा इलाज, हा आजचा विषय आहे.

तत्पूर्वी कायद्याची हद्द पुन्हा एकदा सांगणे प्राप्त आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाखाली नाग, घोणस, धामण, अजगर इत्यादी आपल्या मातीतले सर्प हौसेखातर घरात ठेवण्याची मुभा कोणासही नाही. पिंपरी-चिंचवडमध्ये निगडी-प्राधिकरणातल्या सदनिकांत किंवा मोशीच्या नव्या वसाहतींत काचेच्या पेटीत जे साप पाळले जातात ते परदेशी होत. त्यांत आफ्रिकेतला बॉल पायथन आणि अमेरिकेतला कॉर्न स्नेक हे दोन विशेष आढळतात. पैकी पहिला वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापार-कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात असल्यामुळे, 2024 च्या फेब्रुवारीत निघालेल्या नियमांप्रमाणे त्याची नोंद 'परिवेश' संकेतस्थळावर करणे मालकावर बंधनकारक आहे. या नोंदीचा दस्तऐवज ज्याच्यापाशी नाही त्याने साप आजारी पडण्यापूर्वीच त्याची तजवीज करावी.

आता मूळ विषय. सापाच्या बहिस्त्वचेचा वरचा थर जुना होतो तेव्हा त्याच्या खाली दुसरा संपूर्ण थर आधीच तयार होत असतो, आणि तो तयार झाला की दोहोंच्या मध्ये लसीकेसारखा एक द्रव उतरून जुन्याची नव्याशी असलेली पकड सोडवू लागतो. सर्पाला पापण्या नसतात. त्याच्या डोळ्यावर एक पारदर्शक खवला कायमचा बसवलेला असतो आणि तोही कातीबरोबरच निघावयाचा असल्यामुळे, हा द्रव त्याच्याखाली साचला म्हणजे डोळा निळसर-पांढरा दिसू लागतो. त्या दिवसांत साप जवळजवळ आंधळा, भित्रा आणि चिडखोर असतो, म्हणून त्याला हाताळू नये व खाऊ घालू नये. काही दिवसांनी डोळे पुन्हा निवळतात, आणि निवळल्यावर आणखी काही दिवसांनी तो एखाद्या खडबडीत दगडावर नाकाड घासून ओठांपाशी कात सोडवतो व तिच्यातून पुढे सरपटत निघून जातो. मागे राहते ती घाईने काढलेल्या कोटाच्या बाहीसारखी उलटी झालेली, नाकापासून शेपटापर्यंत अखंड कात. निरोगी सापाची कात अशीच अखंड असते. ती तुकड्यातुकड्यांनी निघाली, अंगावर कागदासारखे पापुद्रे राहिले, तर कोठेतरी काही चुकले आहे असे समजावे.

आणि माझे स्पष्ट मत असे की, ते चुकलेले बहुतेक वेळा सापाच्या देहात नसून त्याच्या पेटीत असते. माइट नावाचे बारीक परजीवी, जुन्या जखमांचे व्रण, कुपोषण ही कारणेही खरी आहेत, आणि कात वारंवार अडत असेल तर त्यांचा शोध घेतलाच पाहिजे. परंतु आपल्या या पट्ट्यात पहिला गुन्हेगार म्हणजे कोरडी हवा. सह्याद्रीच्या पूर्वेस पसरलेल्या या पठारावर श्रावणात भिंतींना ओल येते हे खरे, तथापि मार्च-एप्रिलच्या दुपारी हवेतील सापेक्ष आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांपर्यंत उतरते. बॉल पायथनला एरवी पन्नास-साठ टक्के, आणि कात टाकण्याच्या सुमारास त्याहूनही अधिक आर्द्रता लागते. त्यात खोलीत वातानुकूलन, पेटीवर उष्णतेचा दिवा आणि वर जाळीचे झाकण असा सरंजाम असला, म्हणजे उरलीसुरली वाफही निघून जाते व तो मधला द्रव आपले काम पुरे करण्यापूर्वीच आटतो. उलट, गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली की उष्णतेचा पट्टा थंड पडतो आणि गारठलेल्या सापाच्या देहातील सारेच व्यापार मंदावतात. चाकणच्या मोटार-कारखान्यांत रंगकाम होते त्या दालनातील तपमान आणि आर्द्रता अष्टौप्रहर मोजली जाते, कारण त्यात चूक झाली तर रंग नीट बसत नाही; तेथे दिवसभर हे आकडे वहीत उतरवणारा गृहस्थ घरी आल्यावर सापाच्या पेटीतील आर्द्रता मात्र हाताच्या अंदाजाने ठरवतो, याचे मला नेहमी नवल वाटते. आर्द्रतामापक यंत्र महाग नाही.

कात अडलीच तर काय करावे? प्रथम, ओढू नये. जुना थर ज्या ठिकाणी चिकटला आहे त्या ठिकाणी नवा थर कोवळा असतो आणि ओढणाऱ्याच्या नखाबरोबर तोही फाटतो. हवेसाठी छिद्रे पाडलेला, झाकण पक्के बसणारा प्लास्टिकचा डबा घ्यावा; त्यात कोमट पाण्यात भिजवून घट्ट पिळलेले सुती पंचे घालावेत, सापाला त्यांत सोडावे आणि डबा अठ्ठावीस ते तीस अंश तपमानाच्या जागी तासभर ठेवावा. उन्हात किंवा दिव्याखाली तो ठेवू नये, कारण बंद डब्यात साप उकाड्याने मरू शकतो. पंच्यांच्या घड्यांतून सरपटताना बहुतेक पापुद्रे आपोआप सुटतात; जे राहतील ते ओल्या कापडातून सापाला हळूहळू जाऊ देऊन, डोक्याकडून शेपटाकडे, निघतील तेवढेच काढावेत आणि बाकीचे दुसऱ्या दिवसावर टाकावेत. काही जण पाण्याच्या टबात बुडवण्याचा मार्ग पत्करतात; तो पत्करलाच तर पाणी सापाच्या देहाच्या जाडीहून खोल नसावे आणि माणसाने तेथून हलू नये. खोबरेल, हळद, चिकटपट्टी हे घरगुती उपाय सर्वस्वी वर्ज्य होत.

दोन जागी मात्र विशेष लक्ष हवे. शेपटीच्या टोकाशी कातीची कडी राहून गेली तर ती सुकताना आवळते, रक्ताचा प्रवाह तोडते, आणि अशी कडी थरावर थर साचून राहिल्यास टोक काळे पडून गळते. म्हणून प्रत्येक वेळी टोकाची खातरजमा करावी. दुसरी जागा डोळा. निघालेली कात उलगडून पाहावी. तिच्यात दोन्ही डोळ्यांचे पारदर्शक खवले दिसले तर निश्चिंत असावे. एखादा राहिला असेल तर चिमट्याला हात लावू नये. आर्द्रता वाढवली असता तो पुढच्या कातीबरोबर बहुधा निघून येतो; न आल्यास तो सोडवणे हे पशुवैद्याचे काम आहे, कारण खालचा खवला दुखावला तर डोळाच जातो.

येथे एक गोष्ट कारखान्यांतल्या वाचकांसाठी. महाळुंगे-खालुंब्र्याकडे गोदामात, लाकडी खोक्यांच्या चळतीत, अर्धवट कात अंगावर असलेला नाग किंवा धामण कधी सापडली, तर दया येऊन तिला घरी नेऊन पंच्यात गुंडाळण्याचा मोह कोणी धरू नये. ते बेकायदा आहे. आणि डोळे झाकोळलेला नाग नेहमीपेक्षा लवकर फणा काढतो. वनखात्याचा 1926 हा क्रमांक त्यासाठीच आहे. पिंपरी-चिंचवड पुणे वनविभागात मोडते आणि चाकण जुन्नर वनविभागात, तेव्हा ठिकाण सांगताना गावाचे नाव स्पष्ट सांगावे. बावधनला वनखात्याचे वन्यप्राणी उपचार केंद्र आहे, आणि सापावर उपचार करावयाचे तर ते तेथल्यासारख्या जाणत्या हातांनी व्हावेत.

कुत्र्या-मांजरांचे दवाखाने आपल्या शहरात गल्लोगल्ली आहेत, पण सरीसृपांवर उपचार करणारे पशुवैद्य थोडे. ज्याच्या घरी साप आहे त्याने अशा एका वैद्याचे नाव व वेळ आजच विचारून ठेवावी. पुढील लेखांकात माइट आणि त्यांचा बंदोबस्त.