कप्तान विठ्ठल

दिवाळीची सुट्टी लागली की आमच्या तीर्थपुरीची पोरे रिकाम्या रानात तीन काठ्या रोवतात आणि दिवेलागणीपर्यंत त्यांच्या क्रिकेटचा धुमाकूळ चालतो. आजच्या खेळाडूंचे आकडे त्यांना तोंडपाठ. परवा सहज विचारले, "अरे, पालवणकर विठ्ठल ठाऊक आहेत का?" एक जण म्हणाला, "सर, ते कवी होते का?" मराठीच्या मास्तराला दुसरे उत्तर कोण देणार!

विठ्ठल फलंदाज होते, आणि मोठे देखणे फलंदाज. चर्मकार समाजातले हे चार भाऊ: बाळू, शिवराम, विठ्ठल आणि गणपत. थोरले बाळू पुण्यातल्या गोऱ्यांच्या जिमखान्यावर महिना चार रुपयांवर खेळपट्टी राखीत आणि साहेबांना तासन्‌तास गोलंदाजी करीत. पुढे हिंदू मंडळींनाही त्यांच्या डावखुऱ्या फिरकीची गरज पडली. मैदानात त्यांच्या हातचा चेंडू सर्वांना चाले. चहा मात्र त्यांना पॅव्हिलियनबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात! १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात याच बाळूंनी ११४ बळी घेतले. तरी हिंदू संघाच्या कप्तानपदी त्यांची नेमणूक कधी झाली नाही.

१९२० च्या चौरंगी सामन्यांतही त्यांना डावलले, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम संघातून बाहेर पडले. वाचायला ही गोष्ट सोपी वाटते. पण तेव्हा आपल्याकडे क्रिकेट पोट भरीत नसे. विठ्ठलांचे पोट रेल्वेच्या नोकरीवर. थोड्याच वर्षांनी स्कॉटलंडचा अ‍ॅलेक्स जेम्स लंडनच्या आर्सेनल क्लबकडून फुटबॉल खेळू लागला. तिथे हंगामात आठवड्याला आठ पौंड ही पगाराची कमाल मर्यादा होती, आणि तीही त्याला पुरत नसे! आमच्या खेळाडूच्या पदरी होते ते केवळ नाव, आणि या भावांनी तेच पणाला लावले. अखेर मंडळी अर्धीमुर्धी नमली. बाळू उपकप्तान झाले.

१९२३ साली विठ्ठल कप्तान झाले. अंतिम सामन्यात हिंदूंनी युरोपियनांना हरवले आणि लोकांनी विठ्ठलांना खांद्यावर उचलून घेतले. ते खांदे सवर्णांचे होते. ज्या थोरल्या भावाच्या चहाचे भांडे बाहेर ठेवले जाई, त्याच्या मनात त्या दिवशी काय आले असेल?

पुढे १९२५ आणि १९२६ सालीही हिंदू विजयी झाले. १९३२ साली भारत पहिला कसोटी सामना खेळला, तोवर विठ्ठलांचा खेळ संपला होता. १९४८ मध्ये त्यांनी 'माझे क्रीडा-जीवन' लिहिले, तेही मराठीत. म्हणजे आमचा तो पोरगा अगदीच चुकला नव्हता म्हणायचे!