पाणी आहे म्हणणारा प्रोब

जव्हार-मोखाड्याच्या डोंगरपट्ट्यात मोठी औद्योगिक वसाहत नाही. भात-नागलीची कामं उरकली, दिवाळी झाली, की इथली माणसं खाली उतरतात. कुणी वीटभट्टीवर जातं, कुणी भिवंडीकडच्या बांधकामांवर, कुणी बोईसरला तारापूर एमआयडीसीत. जव्हारला आयटीआय करून निघालेल्या पोरांनाही बहुधा हाच रस्ता धरावा लागतो. तारापुरात कापड रंगवायचं, रसायन तापवायचं, तर वाफ लागते, आणि वाफ म्हटली की बॉयलर आला.

बॉयलरच्या कायद्याला मोठी परंपरा आहे. 1863 साली कलकत्त्यात झालेल्या स्फोटात माणसं दगावली आणि पुढच्याच वर्षी बंगालात तपासणीचा कायदा आला. 1923 चा देशव्यापी कायदा शंभर वर्षं टिकला. 2025 मध्ये त्याच्या जागी नवा आला. महाराष्ट्रात ही तपासणी बाष्पके संचालनालय करतं, आणि बॉयलरवर परीक्षा पास झालेला परिचर असणं बंधनकारक आहे.

या सगळ्या बंदोबस्ताचं यश शेवटी अवलंबून असतं ते बॉयलरच्या माथ्यातून आत सोडलेल्या स्टीलच्या एका कांडीवर. हा लेव्हल प्रोब. पाण्यातून वीज वाहते, एवढ्या साध्या गोष्टीवर तो चालतो. कांडीचं टोक बुडालेलं असेपर्यंत बारीकसा प्रवाह बॉयलरच्या अंगापर्यंत पोहोचतो. पाणी टोकाखाली गेलं की सर्किट तुटतं, रिले पडतो, हूटर वाजतो; त्याहून खाली गेलं की बर्नर बंद.

तो वेळेवर बंद व्हायलाच हवा. साडेदहा किलो दाबाच्या बॉयलरमध्ये पाणी सुमारे 185 अंशांना तापलेलं असतं. भट्टीच्या नळ्यांवरून ते ओसरलं तर लोखंड लाल होऊन मऊ पडतं आणि दाब पेलेनासं होतं. नळी किंवा भट्टी फाटली की दाब क्षणात उतरतो आणि आतल्या तापलेल्या पाण्याच्या काही हिश्शाची तिथल्या तिथे वाफ होते. मोकळ्या हवेत एक लिटर पाण्याची वाफ सोळाशे लिटरहून जास्त जागा घेते.

प्रोब दोन तऱ्हांनी खोटं बोलतो. टोकावर क्षाराचं कवच चढलं की पाणी असूनही तो ‘नाही’ म्हणतो आणि बॉयलर विनाकारण ट्रिप होतो. उत्पादन अडतं, पण जीव वाचतो. उलट, कांडीच्या मानेजवळच्या इन्सुलेशनला तडा गेला किंवा त्यावर ओलसर मळ साचला, तर प्रवाह तिथूनच अंगाकडे पळतो. पाण्यात विरघळलेले क्षार वाढून फेस आला, तर तो फेसही टोकाला भिडतो. दोन्ही वेळा पॅनेलवर ‘पाणी आहे’चा दिवा शांतपणे जळत राहतो. या बिघाडाला आवाजच नसतो, म्हणून तो शोधायला जावं लागतं.

जाणता माणूस पॅनेल उघडण्याआधी पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेपाशी, गेज ग्लासपाशी जातो. काठोकाठ भरलेली आणि पूर्ण रिकामी काच लांबून सारखीच दिसते. म्हणून नळीच्या काचेमागे तिरप्या रेघांची पट्टी लावतात. पाणी असेल तिथे रेघा उलट्या बाजूला कललेल्या दिसतात. मग तो ड्रेन कॉक उघडून काच फुंकतो. बंद करताच पाणी झपकन वर आलं तर मार्ग मोकळा. रेंगाळत चढलं तर कुठेतरी गाळ अडकलाय. काचेवर पाण्याची खात्री झाली, की तो आग बंद करून प्रोबची वायर सोडवतो. पॅनेलने आता ‘लो’ दाखवायलाच हवं. तरीही ते ‘पाणी आहे’ म्हणालं, तर दोष केबलमध्ये किंवा कंट्रोलरमध्ये. ‘लो’ दाखवलं, तर तेवढा भाग ठीक, आता संशय कांडीवर आणि तिच्या इन्सुलेशनवर. मोब्रेचं, म्हणजे फ्लोटवर चालणाऱ्या लेव्हल कंट्रोलचंही असंच. फ्लोटला भोक पडलं तर तो बुडतो आणि बॉयलर ट्रिप होतो. चेंबरमध्ये गाळ साचून तो वरच अडकला, तर पाणी गेलं तरी कळत नाही.

ही सगळी तपासणी शिफ्टमधल्या माणसाच्या हातात आहे, आणि काळजी वाटते ती इथेच. रात्री तीनदा खोटं ट्रिपिंग झालं, खालून वाफेसाठी फोनवर फोन आले, की कुणीतरी रिलेला शॉर्ट मारतं. सकाळी काढू म्हटलेली ती तार आठवडाभर तशीच राहू शकते. फ्लोटच्या चेंबरचं ब्लोडाउन करून, म्हणजे त्यातलं पाणी खाली सोडून, ट्रिप तपासणं मिनिटाभराचं काम. पण फीड पंप थांबवून, आग चालू ठेवून, काचेवर डोळा ठेवत पाणी खरोखर ‘लो’पर्यंत उतरवून पाहायला वेळ लागतो. प्रोबची खरी परीक्षा मात्र तीच.

ब्रिकेट किंवा कोळशावरच्या बॉयलरला तर सवलत आणखी कमी. गॅसचा बर्नर ट्रिप झाला की ज्योत विझते. शेगडीवरचे निखारे पंखे थांबल्यावरही धगधगत राहतात आणि पाणी आटतच जातं. अशा वेळी काच रिकामी दिसली तर घाबरून पंप सुरू करायचा नाही, कारण तापून लाल झालेल्या लोखंडावर गार पाणी पडलं की अनर्थ होतो. पंप बंद, पंखे बंद, माणसं बाजूला. बॉयलर आपोआप निवेपर्यंत थांबायचं, निरीक्षकाला कळवायचं, आणि नळ्या तपासून झाल्याशिवाय आग पेटवायची नाही.